तीन इंचांचा गडू



या मालिकेसाठी आयोजकांचा फोन आला, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की निवृत्त फौजी माणूस आहे, सीमेवरचे दोन-चार प्रसंग सांगेल. मी म्हटलं, मला फुलदाणीवर बोलायचं आहे. पलीकडे जरा शांतता पसरली. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे बागकामावर का, सर?" मी म्हटलं, बागकामावर नाही. तीन इंच उंचीचा एक गडू आहे, त्यात मावतील एवढ्याच फुलांवर.

हा पाहा तो गडू. कॅमेऱ्याजवळ धरतो. तांब्याचा आहे. पोट गोल, मान अरुंद, तोंडात माझी दोन बोटं जेमतेम जातात. पाणी मावतं अर्ध्या वाटीहून थोडं कमी. तोंडाची कड जरा ओबडधोबड दिसते, ती का, ते पुढे सांगतो.

मी बोलतोय तमिळनाडूतल्या कुंभकोणमहून. आमचं घराणं तंजावरकडच्या मराठी लोकांपैकी. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजे तंजावरच्या गादीवर बसले आणि १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांचं राज्य राहिलं. त्या काळात जी मराठी घरं कावेरीकाठी आली, त्यांतली बरीच इथेच राहिली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव याच कुंभकोणममध्ये १८२८ साली जन्मले. आमच्या घरात मराठी बोलतात, पण ती तुमच्या पुण्याची नाही. तुमची मराठी मी नोकरीत शिकलो, बेळगावात आणि पुण्यात. त्यामुळे आईचं बोलणं सांगताना ते तुमच्या मराठीत करून सांगेन, नाहीतर अर्धं तुम्हाला कळायचं नाही.

या गावाच्या नावातच कुंभ आहे. इथली कथा अशी, की प्रलयाच्या वेळी ब्रह्मदेवाने अमृत आणि सृष्टीची बीजं एका कुंभात भरून ठेवली. तो कुंभ पाण्यावर तरंगत इथे येऊन टेकला आणि शंकराने बाण मारून तो फोडला. अमृत सांडलं, त्याचं महामहम तळं झालं. दर बारा वर्षांनी तिथे मोठं पर्व असतं. मागचं २०१६ साली झालं, पुढचं २०२८ साली आहे. तेव्हा गावही मडक्याचं आणि इथला धंदाही भांड्यांचा. पितळेच्या भांड्यांची दुकानं इथे रांगेने आहेत. जवळच्या नाच्चियारकोविलला पितळी समया घडवतात, स्वामिमलैला मेणाच्या साच्यावरून पंचधातूच्या मूर्ती ओततात.

एवढी भांडी आणि फुलांचा एवढा बाजार, तरी फुलं पाण्यात उभी करून ठेवायची रीत मात्र इथल्या घरांत फारशी नाही. फूल देवाला जातं किंवा वेणीत जातं. बाजारात गजरा हातावर मोजून देतात. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक 'मोळम'. मोगरा, अबोली, दवणा, मरवा असं सगळं एकत्र गुंफलेला 'कदंबम' हा तंजावरकडचा खास गजरा. माझ्या आईची देखभाल करायला ज्या बाई येतात, त्यांनी पहिल्या दिवशी मला सरळ विचारलं, "सार, फूल पाण्यात का घालताय? ते काय भाजी आहे?"

त्यांच्या प्रश्नाला उत्तर द्यायला मला बरेच महिने लागले. आजचं बोलणं म्हणजे तेच उत्तर आहे.

माझी आई तेव्हा ८६ वर्षांची होती. न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण ती अंथरुणाला लागली ती लागलीच. मी पुण्याचं घर बंद करून इकडे आलो. दोन महिन्यांत तिच्यात एक बदल दिसला. ती भिंतीकडे तोंड करून पडायला लागली. दुखतंय का विचारलं तर नाही म्हणायची. जेवण दिलं तर चार घास खायची. बोलायची मात्र नाही. डॉक्टर म्हणाले, तिला बसवत जा, हातापायांची हालचाल करून घ्या, कशात तरी मन रमवा. पहिल्या दोन गोष्टींचं वेळापत्रक मी तासाभरात लिहून काढलं. तिसरीचं काय करावं, ते कळेना.

मग मला सुचलं, फुलं आणू. आईला फुलांची आवड. मी गेलो आणि चांगला हात-दीड हात उंचीचा गुच्छ घेऊन आलो. निशिगंध, जरबेरा, मागे हिरवं नेच्याचं पान, खाली रबरबँड. मोठ्या पितळी लोट्यात पाणी भरलं, गुच्छ उभा केला आणि तिच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवला. मी स्वतःवर खूश होतो. आईने मान वळवली, वर पाहिलं आणि विचारलं, "कोण गेलं?"

दोन महिन्यांतलं ते तिचं पहिलं अख्खं वाक्य.

मी लोटा उचलून बाहेर नेला. राग आला नाही असं म्हणणार नाही. पण दुसऱ्या दिवशी एक गोष्ट घडली. व्यायामासाठी तिला खुर्चीत बसवलं होतं. मी चादर बदलायला वाकलो आणि आमच्या प्रशिक्षणातला अगदी सुरुवातीचा धडा आठवला. पायदळात आपण मोर्चा खणतो, त्यावर गवत-फांद्या टाकतो, सगळं झाकलं असं आपल्याला वाटतं. तेव्हा उस्ताद म्हणतात, आता उठा, पुढे शत्रू येणार त्या बाजूला शंभर पावलं जा, जमिनीवर पालथे पडा आणि तिथून स्वतःचा मोर्चा पाहा. मोर्च्यात बसून तो कसा दिसतो, याला काडीची किंमत नाही. आयुष्यभर हे मी जवानांना शिकवलं, आणि घरात मात्र मी माझ्या उंचीवरून फुलं मांडली होती.

मी आईच्या पलंगावर तिच्या उशीवर डोकं ठेवून आडवा झालो. खुर्चीतून आई माझ्याकडे बघत होती, हा काय करतोय म्हणून. तिथून मला काय दिसलं? वरचा पंखा. ट्यूबलाइट. मच्छरदाणीचा हूक. आणि मान डावीकडे वळवली की स्टुलावर जिथे मी लोटा ठेवला होता, तिथे लोट्याचं पोट, दांड्यांचा जुडगा आणि रबरबँड आलं असतं. फुलं वर छताकडे तोंड करून. ती तिला दिसलीच नसती. तिने जे पाहिलं ते बरोबरच होतं. खालून पाहिलं तर ती तिरडीवरचीच फुलं.

आज मला जे सांगायचं आहे, त्याचं मूळ इथे आहे. फुलं, जो बघणार आहे त्याच्या जागेवरून मांडायची. बाकीचं सगळं यातून आपोआप ठरतं. आडव्या माणसाची नजर उशीपासून वीतभर उंचीवर असते. म्हणजे फुलाचा चेहरा तेवढ्या उंचीवर आणि त्याच्याकडे वळलेला हवा. म्हणजे भांडं लहान हवं. आमच्या मेसमध्येही हा नियम होता, फक्त तिथे कारण वेगळं. जेवणाच्या टेबलावरची फुलदाणी समोरच्या माणसाचा चेहरा झाकेल एवढी उंच चालत नसे. तीस वर्षं त्या टेबलावर जेवलो, पण फुलदाणीची उंची कुणीतरी विचार करून ठरवलेली आहे, हे कधी ध्यानात आलं नाही.

जपानमध्ये चहाच्या खोलीत फूल ठेवायची कला आहे. तिचा मोठा गुरू सेन नो रिक्यू, १५२२ ते १५९१ हा त्याचा काळ. त्याची एक गोष्ट सांगतात. त्याच्या बागेत निळ्या गारवेलीसारखी फुलं बहरली होती. ती पाहायला त्या वेळचा सत्ताधीश हिदेयोशी आला. बघतो तर बागेत एकही फूल नाही. सगळी कापलेली. चिडून तो चहाच्या खोलीत वाकून शिरला, तर तिथे समोर एकच फूल. बाकीची फुलं कापून टाकायचं मला काही पटत नाही. आमच्या आईने मला घराबाहेर काढलं असतं. पण पाहुणा बसेल तिथून त्याला काय दिसेल, याचा विचार त्या माणसाने केला होता, हे मात्र पटतं.

आणि भांड्यातून उगवणारं हिरवं, हे काही फक्त परदेशी नाही. आपल्याकडे सांचीला, अमरावतीला दगडात पूर्णघट कोरलेला आहे, काठोकाठ भरलेला आणि वरून कमळं बाहेर पडणारा. राजराज चोळाने १०१० साली पुरं केलेलं तंजावरचं बृहदीश्वर मंदिर पाहायला गेलात, तर भिंतीवरच्या कोनाड्यांच्या मधल्या जागेत पाहा. घट आणि त्यातून वर निघालेला खांब दिसेल. शिल्पी त्याला कुंभपंजर म्हणतात. आपल्या गुढीवर कलश असतो आणि खाली कडुनिंबाची डहाळी. तेव्हा त्या बाईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर भिंतीवरच होतं.

आता भांडं शोधायची वेळ आली. अत्तराच्या कुप्या पाहिल्या, इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या पाहिल्या, पंचपात्र पाहिलं. कुपी हलकी, पंख्याच्या वाऱ्याने पडते. पंचपात्राचं तोंड रुंद, दोन फुलं त्यात भेलकांडतात. मग देवघराच्या फळीवर हा गडू दिसला.

तुमच्यातल्या वयस्कर मंडळींनी ओळखला असेल. काशीहून आणतात तो गंगेचा गडू. तोंड डाग देऊन बंद केलेलं असतं. घरात कुणाची अखेरची वेळ आली की तो फोडून तोंडात गंगाजळ घालतात. माझे आईवडील काशीला गेले होते, तेव्हा त्यांनी दोन गडू आणले. एक वडिलांचा, एक आईचा. वडील गेले त्या रात्री त्यांचा गडू मी पटाशीने उघडला होता. कड ओबडधोबड आहे ती त्यामुळे. त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हापासून तो रिकामाच फळीवर होता, दुसऱ्या बंद गडूच्या शेजारी.

मी आईला विचारलं, "हा घेऊ का?" तिने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. म्हणाली, "घे. भांडं रिकामं ठेवू नये." मी चिंचेने घासला, कड कानशीने गुळगुळीत केली.

फुलांसाठी बाजारात गेलो नाही. परसात जे होतं ते घ्यायचं ठरवलं. इथे तुमच्यासारखा वसंत कळत नाही. थंडीच नाही, तर तिच्या जाण्याचं काय कौतुक. फाल्गुन-चैत्रात, इकडे त्याला पंगुनी-चित्तिरै म्हणतात, ऊन चढत जातं. एप्रिल-मेमध्ये पारा ३७-३८ अंशांवर असतो. कावेरीच्या पात्रात वाळू दिसते, कारण मेट्टूर धरणाचं पाणी सोडायची ठरलेली तारीख १२ जून. पण ह्याच दिवसांत कडुनिंबाला मोहर येतो, मोगऱ्याला कळ्या लागतात. अबोली, तगर, सदाफुली, रुक्मिणीची लाल फुलं असतातच.

पहिल्या दिवशी मी यातलं काहीच घेतलं नाही. विहिरीच्या कडेला एकदांडी फुलली होती. तुम्ही रस्त्याकडेला पाहिली असेल. पिवळं मधलं बटण, भोवती पाच-सहा फिकट पाकळ्या, आणि एकच लांब, सरळ, केसाळ दांडी. तण आहे, मूळचं मध्य अमेरिकेतलं, आता आपल्याकडे सगळीकडे. पण तीन इंची गडूसाठी देवाने घडवल्यासारखं फूल. दांडी लांब, फूल शेंगदाण्याएवढं. दोन एकदांड्या आणि दूर्वांची एक काडी. गडू स्टुलावर न ठेवता पलंगाच्या कडेला एक पाट मांडून त्यावर ठेवला. मग पुन्हा एकदा, ती खुर्चीत असताना, आडवा होऊन तपासलं.

आईने ते पाहिलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग गोधडीतून हात काढला, एक फूल अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरलं आणि अंगठ्याने त्याची मुंडी टचकन उडवली. आणि हसली. तो त्यांचा लहानपणचा खेळ. कुणाची मुंडी लांब उडते ते बघायचं. फुलाचं तमिळ नावही तिने सांगितलं, 'मूक्कुत्तिप् पू', म्हणजे नाकातल्या चमकीचं फूल. मी परत पाहिलं, खरंच चमकीसारखं दिसतं.

त्या दिवसापासून रोज सकाळचा एक कार्यक्रम ठरला. मी एक नवीन फूल आणायचं, तिने त्याची नावं सांगायची. आधी तमिळ, मग आमच्या मराठीत. कधी एक आठवायचं, दुसरं नाही. तगर म्हणजे नंदियावट्टै. रुक्मिणी म्हणजे इट्लिप् पू, इडलीचं फूल. एखादा दिवस दोन्ही नावं जायची. तेव्हा मी आठवण करून देत नसे. दुपारी दोनला हाक मारून ती स्वतःच सांगायची.

आता तुम्हाला करून पाहायचं असेल, तर काही कामाच्या गोष्टी. ह्या मी चुका करत शिकलो.

फूल पहाटे तोडा, ऊन पडायच्या आत. रात्रभरात झाडाने पाणी भरून घेतलेलं असतं. नऊ वाजता तोडलेलं तेच फूल अकराला मान टाकतं. कात्रीपेक्षा ब्लेड बरं. कोवळी दांडी कात्रीत चेचली जाते आणि चेचलेल्या दांडीतून पाणी चढत नाही. काप तिरका घ्या, म्हणजे दांडी तळाला टेकली तरी तिचं तोंड बंद होत नाही. हातात पाण्याचा पेला ठेवा आणि तोडल्या तोडल्या त्यात बुडवा. पाण्याच्या पातळीखाली एकही पान राहू देऊ नका, ते कुजतं आणि वास मारतो.

लहान भांड्यात तीन गोष्टी पुरतात. एक उंच, एक मधली, एक तोंडाशी वाकलेली. उंच जी असेल ती भांड्याच्या उंचीच्या दीडपटीपर्यंत. तीन इंचांचा गडू असेल तर कडेपासून वर साडेचार इंच. त्यापुढे ते उलटल्यासारखं दिसतं. तिसरी काडी दूर्वांची, तुळशीच्या मंजिरीची किंवा कडुनिंबाच्या मोहराची. पाचवी काडी घालायचा मोह होतो. तेव्हा हात मागे घ्यावा.

फूल सरळ उभं राहत नसेल, तर कडुनिंबाची दुबेळकी असलेली काडी भांड्याच्या गळ्याएवढी तोडून आत आडवी अडकवा. दांडी त्या बेचक्यात धरली जाते. मी शिवाय तळाला दोन चमचे कावेरीची वाळू धुऊन घालतो. भांडं जड होतं, पंख्याने कलंडत नाही.

तगरीच्या दांडीतून चीक येतो. तो सुकला की दांडीचं तोंड बंद होतं. चीक पुसून टोक अर्धा मिनिट कढत पाण्यात धरा, मग गार पाण्यात ठेवा. कण्हेर मात्र आजाऱ्याच्या किंवा लहान मुलांच्या खोलीत आणूच नका. तांबडी, पांढरी, पिवळी, सगळी विषारी. सदाफुलीच्या अर्कातून कॅन्सरवरची औषधं काढतात, पण म्हणून ती तोंडात घालायची नाही. गडूतलं पाणी कुणी चुकून पिईल, असा विचार करूनच फूल निवडा.

आणि फुलं केळ्यांजवळ ठेवू नका. आमच्याकडे घरात केळ्यांचा घड टांगलेला असतोच. पिकणाऱ्या केळ्यातून इथिलीन नावाचा वायू निघतो, त्याने पाकळ्या लवकर गळतात. मला हे कळायला चार दिवस लागले. मी बिचाऱ्या मोगऱ्याला दोष देत होतो.

शेवटची गोष्ट पाण्याची. मोठ्या फुलदाणीत पाणी भरलं की तीन दिवस विसरता येतं. अर्ध्या वाटीच्या गडूत तसं चालत नाही. आमच्या उन्हात संध्याकाळपर्यंत पाणी बोटभर खाली जातं. रोज सकाळी उपसायचं, गडू विसळायचा, दांडीचं टोक पुन्हा जरा कापायचं, नवं पाणी घालायचं. संध्याकाळी एक चमचा वरून. एक दिवस चुकलं तर फूल मेलं. मला आधी हा लहान भांड्याचा दोष वाटला. नंतर कळलं की मी दिवसातून दोनदा त्या पाटाशी येऊन बसतो, ते या दोषामुळे. औषध देताना मी घड्याळाकडे बघत असे. पाणी घालताना आईकडे बघायला लागलो.

असंच एकदा बघताना माझ्या लक्षात आलं की मी अबोली कधी आणलीच नव्हती. परसात तिचा गच्च ताटवा होता. अबोलीला वास नाही, पण ती टिकते छान, कणसाच्या खालून वर एकेक फूल उमलत जातं. मी एक कणीस आणलं. आईने पाहिलं आणि मान फिरवली. "ते नको."

मी ते बाहेर ठेवलं. कारण विचारलं नाही. दुपारी त्या कामाच्या बाईंनीच मला सांगितलं, अगदी हळू आवाजात, कारण त्यांना वाटलं मला माहीत असणार. आईच्या लग्नापासून तिच्या केसांत रोज अबोली असायची. वडील गेल्यावर तिने फूल माळणं सोडलं. इकडे तशी रीत आहे, तुमच्याकडेही होती. कुणी तिला सांगितलं नाही, कुणी अडवलं नाही. तेराव्या दिवसापासून तिने स्वतःच सोडलं.

मंडळी, मी तपासणीला गेलो की जवानाच्या किटमधलं एक बटण कमी असेल तर दहा पावलांवरून सांगत असे. आणि माझ्या आईच्या केसांतलं फूल इतकी वर्षं दिसत नाही, हे मला दुसऱ्याने सांगावं लागलं. मी दर वर्षी सुट्टीवर येत होतो. तिच्या पाया पडत होतो. पाया पडताना डोकं खाली असतं, हे एक कारण झालं. पण खरं कारण ते नाही.

मी तो विषय काढला नाही. काय बोलणार होतो? फूल माळ म्हणालो असतो तर ती माळली नसती, आणि मी सांगणारा कोण? मी रोजची फुलं आणत राहिलो. एकदांडी, तगर, मोगऱ्याची कळी. चित्तिरैच्या पहिल्या दिवशी, म्हणजे १४ एप्रिलला, इकडे नवं वर्ष असतं. पच्चडीत कडुनिंबाची फुलं घालतात, वर्षात कडू-गोड दोन्ही यावं म्हणून. त्या दिवशी मी कडुनिंबाचा मोहर आणला होता. बारीक पांढरी फुलं, मधासारखा वास. आई उशीला टेकून बसली होती. तोवर ती वीस-पंचवीस मिनिटं बसायला लागली होती, आणि गडू स्वतः हातात घ्यायची. तिचा हात थरथरतो, पण हा गडू तिच्या मुठीत मावतो. मोठी फुलदाणी तिला कधीच उचलता आली नसती. मोहराची काडी तिने लावली आणि म्हणाली, "याच्या शेजारी रंग पाहिजे. अबोली आण."

मी आणली. तीन फुलांचं एक छोटं कणीस. तिने ते हातात धरलं, ओबडधोबड कडेवरून बोट फिरवलं आणि अबोली वडिलांच्या गडूत लावली. मग म्हणाली, "इथे चालेल."

मी तेवढ्यावर थांबतो, कारण तीही तेवढ्यावर थांबली. ती उठून चालायला लागली नाही. डॉक्टरांनी ती आशा आधीच सोडली होती. केसांत तिने आजही फूल घातलेलं नाही. पण ती भिंतीकडे तोंड करून झोपत नाही. रोज रात्री सांगते, उद्या काय आणायचं. बहुतेक दिवस अबोली असते. त्या बाईंनाही आता सवय झाली आहे. परवा त्यांनी स्वतः येताना देवळाच्या कडेची दोन रानफुलं आणली, पदराच्या टोकात बांधून, आणि मला म्हणाल्या, "सार, हे पाण्यात घाला."

तुमच्या घरात कुणी अंथरुणावर असेल, किंवा खुर्चीत असेल, किंवा नुसतंच गप्प झालेलं असेल, तर उद्या सकाळी एवढं करा. आधी त्यांच्या जागेवर जाऊन आडवे व्हा किंवा बसा. काय दिसतं ते पाहा. मग एक लहान भांडं शोधा, घरातलंच, शक्य तर ज्याला काही आठवण आहे असं. अंगणातलं, कुंडीतलं, रस्त्याकडेचं एक फूल आणा. त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. आणि संध्याकाळी पाणी घालायला विसरू नका. त्यांनी एखादं फूल नको म्हटलं, तर ते उचला आणि थांबा.

दुसरा गडू अजून देवघरात फळीवर आहे, तोंड बंद. आईला तो पलंगावरून दिसतो, मी आडवा होऊन पाहिलं आहे. मागच्या महिन्यात पाणी बदलताना ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "तो उघडलास की त्याचीही कड घास नीट. जोडी होईल."

मी "हो" म्हणालो आणि चमचाभर पाणी घातलं.